डाव्या बाजूचं जेवण

कार्तिकातली ती संध्याकाळ प्रेमळ वगैरे मुळीच नव्हती. मासुंदा तलावाच्या पाण्यावर ताम्रोज्ज्वल, तीक्ष्णधार, अस्ताभिमुख उजेड आडवा पसरला होता. होड्या काळ्या, पाणी लाल, आणि काठावरची माणसं कपाळावर हात धरून वाट काढणारी. सांजवेळ हळवी असते असं लिहिणाऱ्यांनी एकदा कार्तिकात, ठाण्यात, पावणेसहाला पश्चिमेकडे तोंड करून उभं राहावं. डोळ्यांत पाणी येतं, पण ते काही भावनेनं येत नाही.

त्या रागीट उजेडाला पाठ दाखवून कुमुदिनी प्रधान नौपाड्यातल्या एका अरुंद गल्लीत शिरल्या. वय एक्याऐंशी, पाठ ताठ, राखाडी साडीला जांभळे काठ, आणि हातात काठी. ती टेकण्यापेक्षा रोखायलाच जास्त उपयोगी पडे. घरीदारी त्यांना माई म्हणत, आणि माई म्हणताना जरा सावरून बसत.

गल्लीच्या टोकाला, बकुळीच्या सावलीत, निळ्या दाराचं एक छोटं हॉटेल होतं. तिथं स्पेनमधलं खाणं मिळायचं: तळहाताएवढ्या बशांतून चार-चार घासांचे पदार्थ, आणि सोबत वाइन. आजूबाजूचे लोक संध्याकाळी यायचे, पाच-सहा बशा मध्ये ठेवून सगळे मिळून खायचे, उशीर झाला की बायकोला फोन करून खोटं सांगायचे. दारावर नाव होतं 'चार घास', आणि मालकीण होती माईंची एके काळची सून, उत्तरा.

माई जेवायला आल्या नव्हत्या. त्यांची नात, म्हणजे उत्तराची मुलगी केतकी, हिचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं. हॉल ठरला, साड्या आल्या, आचारी ठरला. उरला होता एकच प्रश्न. कन्यादानाच्या वेळी मुलीच्या हातावर पाण्याची धार आईनं सोडायची असते. ती धार कोण सोडणार, उत्तरा की मेघना? मेघना म्हणजे केतकीच्या बापाची दुसरी बायको.

केतकीनं आईला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "मला धार तुझ्याच हातची हवी. पण माई नको म्हणाली तर मी तिच्याशी भांडणार नाही, आई. तिनं मला वाढवलंय." आता माई नको म्हणायलाच निघाल्या होत्या, आणि तेही स्वतःच्या पायांनी. नको हा शब्द फोनवरून नीट लागत नाही, असं त्यांचं मत होतं.

उत्तरा दारात उभी होती. बावन्न वर्षांची, ठेंगणी, रुंद मनगटांची. मनगटांवर तेलाचे जुने डाग, कमरेला शुभ्र एप्रन. पंधरा वर्षांत दोघी समोरासमोर आल्या नव्हत्या. नमस्कार कोणी केला नाही, या म्हणून कोणी म्हटलं नाही. उत्तरा बाजूला झाली, आणि काठी आधी आत गेली, मग माई.

आत उजेड आणखी लाल होता. पश्चिमेच्या खिडकीत बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. त्यांतून किरण गाळून येत होते, माणिकवर्णी, मधुपिंगट, डाळिंबगर्भी, आणि पांढऱ्या भिंतीवर सांडत होते. गिऱ्हाइकं सातनंतर यायची. खुर्च्या रिकाम्या, टेबलं रिकामी, आणि त्या रिकाम्या रंगसभेत ह्या दोघी एकमेकींकडे बघत उभ्या. फार देखणं दृश्य होतं, आणि दोघींनाही त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

"बसणार नाही मी," असं म्हणून माई बसल्या. "पाणीसुद्धा नको. दोन शब्द सांगते आणि जाते."

आणि त्यांनी सांगितले. लग्नाला ये. पहिल्या रांगेत बस, कोणी उठवणार नाही. पण स्टेजवर चढायचं नाही. धार मेघना सोडेल.

"केतकीला मी हवी आहे," उत्तरा म्हणाली.

"केतकीला सातवीत असताना घोडा हवा होता. सगळंच मिळतं असं नाही." माईंनी काठी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभी धरली. "तू हो म्हण, आणि तिथं तमाशा करणार नाहीस असा शब्द दे. तो घेतल्याशिवाय मी उठत नाही."

उत्तरा वळली आणि आत गेली.

आता ह्या दोघींचं वैर काय ते सांगून टाकतो, म्हणजे कोणाची बाजू घ्यायची ते तुमचं तुम्ही ठरवा. मी माझी घेतलेली आहे.

लग्न होऊन उत्तरा प्रधानांच्या घरात आली, आणि पहिल्याच पंगतीत तिनं सासऱ्यांच्या ताटात चटणी उजवीकडे वाढली. चटणी, कोशिंबीर, लोणचं डावीकडे. भाजी, कालवण उजवीकडे. मीठ वर मधोमध, लिंबाची फोड त्याच्या शेजारी. हे माईंच्या घरात सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं होतं. माईंनी वीस माणसांसमोर ते ताट उचललं, आत नेलं, आणि रिकामं करून तिच्या हातात परत दिलं. "पुन्हा वाढ. आईनं शिकवलं नसेल तर मी शिकवते." तेवीस वर्षांची ती पोर, हातातल्या हिरव्या चुड्यासकट, पुन्हा वाढत राहिली.

मग चौदा वर्षं माईंनी शिकवलं. रोज, न चुकता, न रागावता, आणि तेच वाईट होतं. मीठ इतकंच, वाटी अशीच, भात असाच. मांडल्या पानावरून उठायचं नाही, तो अन्नाचा अपमान. पानात टाकायचं नाही, तो पाहुणचाराचा अपमान. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या मिठाला जागायचं, त्याला तोंडावर नाही म्हणायचं नाही. उत्तरा हे सगळं शिकली. आणि त्या घरात स्वतः मात्र कायम चवीपुरतीच राहिली.

पुढं शिरीषला, म्हणजे नवऱ्याला, मेघना आवडली. घटस्फोट झाला. अकरा वर्षांच्या केतकीला शाळा सोडवेना, आजीची कूस सोडवेना, आणि उत्तराजवळ स्वतःची एक खोलीही नव्हती, मग मुलगी घेऊन जाणार कुठं? ती उंबरा ओलांडत असताना माई म्हणाल्या, "बाहेर जाऊन दोन घास मिळवून दाखव म्हणजे कळेल." कोणी इतकं सहज बोललं की जन्मभर पुरतं.

उत्तरा गेली ती थेट स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका वादळवाऱ्याच्या गावी. दुसऱ्यांची भांडी घासली, कांदे चिरले, बटाटे सोलले, त्यांची भाषा मोडकीतोडकी बोलली, चार वर्षांनी परत आली, इथं-तिथं स्वयंपाकघरं सांभाळली, आणि शेवटी हे निळं दार लावलं. माईंनी दोन घास म्हटलं होतं. तिनं दारावर चार लिहिले.

तिला ह्या बाईचा राग होता. थोडाथोडका नव्हे; मुरलेला, घट्ट, झाकण लावून ठेवलेला राग. आणि तरी त्या संध्याकाळी तिला ह्या बाईकडून एकच गोष्ट हवी होती, म्हणून ती आत जाऊन शेगडी पेटवत होती.

उजेड खिडकीत एक बोट खाली सरकला.

मग गंध आला. ऑलिव्हच्या तेलात लसूण तांबूस होत असल्याचा, सुकी मिरची तडकल्याचा, आणि त्यावर कोलंबी पडल्याचा तो स्निग्ध, उष्ण, लज्जाहीन गंध. दाराआडून आला, टेबलाखालून आला, माईंच्या जांभळ्या काठांना बिलगला. माई जातीच्या खवय्या. सोडे, कोलंबी, बोंबील यांवर वाढलेलं शरीर ते. त्यांनी नाक मुरडलं, आणि मुरडलेल्या नाकानं खोल श्वास घेतला.

माई बेत करूनच आल्या होत्या. इथं मीठ खायचं नाही, खाल्लं की तोंड बांधलं जातं, म्हणून घरून थालीपीठ खाऊन निघाल्या होत्या. हा बेत उत्तराला न सांगता कळला होता. चौदा वर्षं ज्या नियमांनी तिला सोलून काढलं, ते नियम तिला तोंडपाठ होते.

ती बाहेर आली आणि बशा ठेवू लागली. "खा म्हणत नाही मी. आलेल्यासमोर ठेवायची इथली रीत आहे, म्हणून ठेवते."

पहिली बशी, मरकतहरित ऑलिव्हची, खारवलेली: ती तिनं उजवीकडे ठेवली. दुसरी बशी, भाजून सोललेल्या लाल मिरच्यांची, तेलात न्हालेली, मखमलकांती: तीही उजवीकडे. तिसरी, लसणीच्या शुभ्र, दाट चटणीची: उजवीकडेच. माईंची भुवई हलली.

चौथी बशी मातीची, अजून चरचरणारी, कोलंबीची: ती डावीकडे. पाचवी, तांबड्या तिखटात घोळलेल्या बटाट्यांची: डावीकडे. टोमॅटो चोळलेला भाजका पाव मध्ये, जरासा तिरका. लिंबाची फोड पावाच्या खाली, दडपलेली. आणि मीठ, मीठ तिनं अगदी खाली, माईंच्या मांडीजवळ ठेवलं.

मीठ खाली. ज्या घरात ह्याच्या निम्म्या चुकीला ताट रिकामं झालं होतं, त्या घरच्या बाईसमोर मीठ खाली.

माईंनी तोंड फिरवलं. खिडकीकडे बघितलं. बाटल्यांकडे बघितलं. पुन्हा मिठाकडे बघितलं. "हे काय जेवण आहे? सगळी डावीकडचीच चटक-मटक," त्या म्हणाल्या. "उजवीकडे ठेवावं असं ह्यात आहे काय?"

उत्तरा समोर हात बांधून उभी राहिली. "आहे ते असं आहे."

उजेड टेबलावर चढला, बशांच्या कडांवरून फिरला. उजवीकडची हिरवी ऑलिव्ह हिरवी दिसेनात, डावीकडची कोलंबी मात्र केशरी होऊन पेटली, चुकीच्या बाजूला. माईंच्या उजव्या हाताची बोटं काठीवर वाजली. थांबली. पुन्हा वाजली.

मग काठी टेबलाला टेकवली गेली, आणि एक सुरकुतलेली, नीलशिरा, साठ वर्षं पानं मांडलेली तर्जनी पुढं आली. तिनं मीठ वर सरकवलं, मधोमध. पावाखालची फोड सोडवून मिठाशेजारी लावली. ऑलिव्ह डावीकडे. मिरच्या डावीकडे, त्यांच्या खाली. पांढरी चटणी लिंबाखाली. कोलंबी उजवीकडे, अंमळ जवळ, हात पोचेल अशी. बटाटे कोलंबीच्या वर. पाव सरळ. एक ऑलिव्ह कडेला घरंगळत होतं, तेही आत.

झालं. डावं डावीकडे, उजवं उजवीकडे, मीठ माथ्यावर. असं देखणं, असं निर्दोष, असं मंगल पान त्या हॉटेलात कधी मांडलं गेलं नव्हतं. माईंच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान आलं. आणि मग त्यांना आपण काय केलं ते दिसलं.

पान मांडून झालं होतं. ते त्यांच्याच समोर होतं, आणि त्यांनीच मांडलं होतं.

"मांडल्या पानावरून उठायचं नाही, माई," उत्तरा हळूच म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत."

"मुद्दाम केलंस."

"हो."

"लबाड आहेस."

"असेन. पान निवतंय."

उठता आलं असतं. काठी हाताशी होती, दार उघडं होतं. पण माणूस साठ वर्षं ज्या नियमानं दुसऱ्यांना वाकवतं, तो नियम स्वतःवर आल्यावर मोडायचा म्हणजे मागची सगळी वर्षं खोटी पाडायची. माईंना ते जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी पहिली कोलंबी उचलली.

आधी तिची पाठ बघितली; काळा दोरा पुरता काढलेला होता. मग तोंडात घातली. चेहरा दगडी ठेवला. "तेल फार," म्हणाल्या, आणि दुसरी घेतली. "लसूण करपवली नाहीस, एवढंच." तिसरी घेतली. "मीठ बरं आहे." हे शब्द त्यांनी चौदा वर्षांत एकदाही उच्चारले नव्हते, आणि आता उच्चारले तेही शिवी दिल्यासारखे.

त्या रागानं खात होत्या. पावाचा तुकडा मोडून मातीच्या बशीतलं तेल निपटत होत्या, लाल मिरची बोटांनी उचलत होत्या, ऑलिव्हची बी बशीच्या कडेला शिस्तीत लावत होत्या. आणि खाताखाता बोलत होत्या, बशीकडे बघून, उत्तराकडे न बघता.

"ताप आला की रात्रभर मी बसायचे. तू नव्हतीस. केस मी विंचरलेत तिचे, पंधरा वर्षं. पहिली पाळी आली, पोटात दुखत होतं, तेव्हा शाळेतून घरी आणलं तेही मीच. आता तू येशील, घडीभर धार सोडशील, आणि ती तुझी होऊन जाईल. फोटोत तूच दिसशील."

म्हणजे ही भीती होती. रागाखाली, नियमांखाली, जांभळ्या काठांखाली एवढीशी, थरथरणारी भीती होती, आणि ती म्हातारी तिला कोलंबीबरोबर गिळायला बघत होती. उत्तराला ते दिसलं. तिला दया आली असं मात्र मी म्हणणार नाही.

"मी नव्हते त्याचं मला रोज दुखतं," ती म्हणाली. "तुम्ही होतात, ते मला ठाऊक आहे. म्हणून तर तुमच्याकडे मागते आहे. नाहीतर तुमच्यासाठी मी चूलही पेटवली नसती."

बशा रिकाम्या झाल्या. पानात टाकायचं नाही, म्हणून शेवटचा बटाटाही संपला. माईंचा हात मनगटापर्यंत तेलानं माखला होता. त्यांनी तो अधांतरी धरला, इकडंतिकडं बघितलं, कागदी रुमालांकडे तुच्छतेनं बघितलं.

"पाणी," त्या म्हणाल्या.

उत्तरानं लांब गळ्याची काचेची सुरई आणली आणि एक रुंद वाडगा टेबलावर ठेवला. त्या वादळवाऱ्याच्या गावात पेयं उंचावरून ओततात. बाटली डोक्याच्या वर, पेला मांडीपाशी, आणि नजर भलतीकडे. ती पहिले दोन महिने तिथं नुसतं पाणी ओतत होती, फरशी पुसत होती, पुन्हा ओतत होती. हे आपण कशासाठी शिकतोय, हे तेव्हा तिला ठाऊक नव्हतं.

तिनं हात वर नेला. डोक्याच्या वर, पुरता ताठ. आणि धार सोडली.

बारीक, अखंड, शरसरळ धार. शेवटचा उजेड तिच्यात शिरला आणि ती वरपासून खालपर्यंत लाल झाली, मग सोनेरी झाली, मग नुसतं पाणी झाली. ती माईंच्या तळहातावर पडत होती, बोटांतून वाडग्यात उतरत होती, आणि जांभळ्या काठावर एक शिंतोडा उडत नव्हता. उत्तरा पाण्याकडे बघत नव्हती. माईंच्या तोंडाकडे बघत होती.

जेवण झालं होतं. हातावर पाणी पडत होतं. आणि अशा वेळी माईंच्या तोंडून साठ वर्षं जे निघत आलं होतं ते निघालं.

"अन्नदाता सुखी भव."

घरी त्या हे म्हणायच्या ते आधी नवऱ्याच्या पाटाकडे बघून, नंतर मुलाच्या खुर्चीकडे बघून. ज्याच्या कमाईचं अन्न, तो दाता. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून त्या कधीच म्हणाल्या नव्हत्या. आज मध्ये ना पाट होता ना खुर्ची. हॉटेल हिचं, अन्न हिचं, हात हिचा, पाणी हिचं; आशीर्वाद सरळ जाऊन तिच्यावर पडला, आणि दिलेला आशीर्वाद माई मागे घेत नसत.

धार एकदा हलली. तुटली नाही.

माईंनी हात पदराला पुसले. उठल्या, काठी घेतली, निळ्या दारापर्यंत गेल्या, आणि तिथं पाठमोऱ्याच थांबल्या. गल्लीत उजेड विझत आला होता, बकुळ काळी पडली होती.

"नऊला ये हॉलवर. शिरीषच्या शेजारी मेघनाच बसेल, त्यात तोंड घालायचं नाही. फोटोत मी मधे उभी राहणार." थोडं थांबल्या. "धार तू सोड."

उत्तरानं सुरई छातीशी धरली.

"आणि इतक्या वरून नको. शालू भिजेल पोरीचा."

"एक थेंब उडणार नाही."

"बघू," माई म्हणाल्या. "कोलंबीत कोकम हवं होतं." आणि काठी वाजवत गल्लीतून निघून गेल्या. माफी कोणी मागितली नव्हती, कोणी दिली नव्हती. वैर होतं तिथंच होतं, फक्त त्याचं पोट भरलं होतं.

सात वाजायला दहा मिनिटं होती. बाटल्यांतले रंग निमाले होते, माणिक काळं पडलं होतं, मध विझला होता. टेबलावर रिकाम्या बशा तशाच होत्या, डाव्या डावीकडे, उजव्या उजवीकडे, आणि मीठ माथ्यावर. उत्तरानं त्या उचलल्या नाहीत. तिनं सुरई पुन्हा भरली, उजवा हात डोक्यावर नेला, डावा वाडग्यावर पसरला, आणि बारा दिवसांनी सोडायची ती धार अंधारात सोडून बघितली; बारीक, लांब, शांत. बघायला कोणी नव्हतं. पाणी तिच्याच तळहातावर पडत राहिलं, पडत राहिलं, आणि ती ते एकटीच्या जुन्या सवयीनं झेलत राहिली.